बैलगाडी आठ, रिक्षा एक, माणूस शून्य

महाराष्ट्रातल्या तमाम महापालिकांच्या पथ विभागांत आणि वाहतूक नियोजन कक्षांत बसणाऱ्या अभियंता मित्रांनो,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलाच आहे. सिव्हिलचा डिप्लोमा केला, सरकारी नोकरीच्या परीक्षेत दोनदा आपटलो आणि गेली पंचवीसएक वर्षं एका खासगी ऑफिसात बंगल्यांचे नि सोसायट्यांचे आराखडे काढतोय. माझं शहर कोणतं ते मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर त्या एका शहराचे साहेब खुलासा लिहायला बसतील आणि बाकीचे सगळे ‘आपलं नाही’ म्हणून पत्र बाजूला सारतील. मी ज्या चौकाबद्दल लिहिणार आहे, तसा एक तरी चौक तुमच्याकडे असणारच.

१९९६ साली, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असताना, आम्हा चार पोरांना वाहतूक मोजणीचं काम मिळालं होतं. दिवसाचे साठ रुपये, दोन वेळचा चहा आणि दुपारी वडापाव. गावाबाहेर जकात नाका होता, त्याच्या अलीकडे कडुलिंबाखाली पत्र्याची खुर्ची टाकून बसायचं. मांडीवर पॅड, पॅडवर तक्ता. तक्त्यात रकाने: मोटार-जीप, दुचाकी, रिक्षा, बस, ट्रक, ट्रॅक्टर, सायकल, हातगाडी, टांगा, बैलगाडी. गाडी गेली की एक उभी रेघ. चार रेघा झाल्या की पाचवी तिरकी मारून जुडी बांधायची. पंधरा मिनिटं भरली की नवी ओळ.

साडेदहाच्या सुमाराला जिल्हा परिषदेच्या शाळेची पोरं रस्ता ओलांडायला आली. तीस-पस्तीस तरी असतील. बाई पुढे, एक शिपाई मागे, पोरांनी एकमेकांच्या दप्तराचे पट्टे धरलेले. मी पेन्सिल उचलली आणि रकाना शोधत राहिलो. सुपरवायझरला विचारलं, ‘‘ह्यांना कुठे टाकू?’’ त्याने वर बघितलंसुद्धा नाही. ‘‘माणसं सोड रे. माणसाला फॅक्टर नसतो.’’

पोरं पलीकडे गेली. त्यांच्या मागून एक बैलगाडी आली, तिची रेघ मी इमानेइतबारे मारली.

फॅक्टर म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको, पण पत्र खुलं आहे, इतरही वाचतील, म्हणून दोन ओळी. रस्त्यावरची सगळी वाहनं मोटारीच्या मापात मोजतात. एक मोटार म्हणजे एक, मग बाकीचं वाहन किती मोटारींएवढा रस्ता अडवतं त्याप्रमाणे त्याचा आकडा. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या (आयआरसी) १९९० च्या कोष्टकात, गावाबाहेरच्या रस्त्यांसाठी, मोटारीला १, रिक्षालाही १, मोटारसायकलला अर्धा, सायकलला अर्धा, बस-ट्रकला ३, हातगाडीला ३, टांग्याला ४ आणि बैलगाडीला ८. शहरी रस्त्यांचं कोष्टक निराळं, आकडे थोडे इकडेतिकडे. पण टांगा आणि हातगाडी तिथेही हजर. ह्या बेरजेवरून रस्ता किती रुंद हवा, लेन किती हव्यात, सिग्नलला कोणत्या बाजूला किती सेकंद द्यायचे, हे ठरत जातं. चालणारा माणूस ह्या बेरजेतच नाही.

लगेच हात वर करू नका. पादचाऱ्यांची मोजणी वेगळी असते, मला ठाऊक आहे. तिच्याकडे येतोच.

तो जकात नाका आता नाही. जकातही गेली. कडुलिंब रुंदीकरणात गेला. शहर नाका ओलांडून सहा किलोमीटर पुढे पोचलंय. नाक्याच्या जागी चार लेनचा रस्ता, मध्ये दुभाजक, दुभाजकावर कण्हेर आणि सिग्नल. त्या सिग्नलपासून दोनशे पावलांवर आम्ही राहतो. आईचं वय चौऱ्याहत्तर, उजव्या गुडघ्याची वाटी बदललेली. पलीकडे विठ्ठलाचं देऊळ आहे. बुधवार हा विठोबाचा वार, त्या दिवशी संध्याकाळी तिथे बायकांचं भजन असतं आणि टाळ वाजवायला आई लागते. निदान तिचं तरी तसं मत होतं.

एका रविवारी पहाटे, रस्ता मोकळा असताना, टेप घेऊन गेलो. ह्या फुटपाथपासून त्या फुटपाथपर्यंत, दुभाजक धरून, १८ मीटर. मग दिवसा मोबाइलचं घड्याळ लावून सिग्नल मोजला. पूर्ण फेरा १४० सेकंदांचा, त्यात पादचाऱ्यांचा हिरवा १४ सेकंद. सिग्नलच्या हिशोबात माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरायची रीत आहे. १८ भागिले १.२ म्हणजे १५. एक सेकंद तुम्ही त्यातूनही मारलात. असो. आईला आमच्या इमारतीच्या लांब पॅसेजमध्ये १८ मीटर चालवून बघितलं. न थांबता, हातात काही नसताना, सव्वीस सेकंद.

मग तिच्याबरोबर एका बुधवारी निघालो. हिरवा माणूस लागला तेव्हा झेब्र्यावर तीन दुचाक्या आधीच चढून उभ्या होत्या, त्यांना वळसा घातला. डावीकडे वळणाऱ्यांना सिग्नल लागू नाही, ‘फ्री लेफ्ट’, म्हणजे आमच्या हिरव्यातही त्यांचा ओघ चालूच. एक टेम्पो जाईपर्यंत थांबलो. ह्यात पाच सेकंद गेले. आई दुभाजकापाशी पोचली आणि लाल झाला. दुभाजकाला झेब्र्याच्या रेषेत फट ठेवलीय, पण ती एक माणूस आडवा उभा राहील एवढीच. आईने एका हाताने कण्हेरीची फांदी धरली, दुसऱ्या हाताने पदर. पुढून बस, मागून डंपर. एकशे सव्वीस सेकंद. तुम्ही कधी एकशे सव्वीस सेकंद गाड्यांच्या दोन ओघांच्या मधे उभे राहिलायत का? मारुतीस्तोत्र बऱ्यापैकी सावकाश म्हटलं तरी तेवढ्यात उरकतं. पलीकडे पोचल्यावर आई म्हणाली, ‘‘अरे, त्या सिग्नलला माझं वय सांगून ठेव ना कोणीतरी.’’

मी तक्रार टाकली. आठवड्याभरात एक तरुण अभियंता जागेवर आला, ह्याचं मला मनापासून कौतुक आहे. त्याने टॅब उघडून आकडे दाखवले. ‘‘सर, पादचाऱ्यांचे दहा सेकंद वाढवले की मागची रांग पेट्रोल पंपाच्याही पुढे जाते.’’ रांगेची लांबी त्याच्याकडे मीटरमध्ये होती, तीही तासागणिक. मी विचारलं, पायी माणसं किती थांबतात, किती वेळ थांबतात, त्याचा आकडा आहे का? त्याने टॅब खाली-वर केला, मग हसला. पोरगा चांगला होता. त्याच्या तक्त्यातही तो रकाना नव्हता, एवढंच.

आता ती वेगळी मोजणी. दोन चौकांच्या मधे रस्त्यावर क्रॉसिंग द्यायचं की नाही हे ठरवायला वर्षानुवर्षं एक सूत्र चालत आलंय: तासाला रस्ता ओलांडणारी माणसं ‘पी’, तासाला जाणारी वाहनं ‘व्ही’, आणि पी गुणिले व्हीचा वर्ग. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर हा गुणाकार दहा कोटींच्या वर गेला, दुभाजक असलेल्या रस्त्यावर वीस कोटींच्या वर, की क्रॉसिंगचा हक्क लागू. सूत्र कंजूष नाही, हे मी कबूल करतो. वाहनांचा वर्ग घेतल्यामुळे गाड्या वाढल्या की थोडी माणसं असली तरी आकडा गाठला जातो. दुभाजकाच्या रस्त्यावर तासाला हजार गाड्या असतील तर दोनशे माणसं लागतात. गाड्या दोन हजार झाल्या की पन्नास माणसं पुरतात. कागदावर छान.

गोम ‘पी’मध्ये आहे. पी म्हणजे ओलांडणारी माणसं. ओलांडायचं होतं पण धीर झाला नाही, ती त्यात नाहीत. गाड्या वाढल्या की पी आपोआप घटतो. आधी म्हातारी माणसं घरी बसतात, मग लहान पोरांना एकटं पाठवणं बंद होतं, मग बायका अंधार पडल्यावर निघत नाहीत. शेवटी उरतात ती पळू शकणारी तरणी पोरं. तुमचा मोजणीवाला त्यांना मोजतो आणि अहवालात लिहितो, ‘पादचारी वर्दळ मध्यम’. खेड्यातल्या विहिरीवर कोण पाणी भरतं हे मोजून गावात कोणाकोणाला तहान लागते ते ठरवण्यासारखं आहे हे. ज्यांना विहिरीवर येऊच देत नाहीत त्यांची तहान कुठल्या वहीत?

आईने त्या बुधवारनंतर तीन बुधवार दांडी मारली. चौथ्या बुधवारी रिक्षा केली. दारातून दिसणाऱ्या देवळात जायला रिक्षा! रिक्षावाला आधी हसला, मग त्यालाही पटलं, कारण दुभाजक असा की त्याला सातशे मीटर पुढे जाऊन यू-टर्न घ्यावा लागतो. आता दर बुधवारी तोच येतो. जाताना साधारण दीड किलोमीटर, येताना दुसऱ्या टोकाला तसाच वळसा.

तुमच्या तक्त्यावर काय झालं बघा. आई पायी जात होती तेव्हा शून्य होती. रिक्षात बसली आणि तिला फॅक्टर मिळाला. मोटारीएवढी झाली. पेट्रोल पंपापर्यंत जाणाऱ्या ज्या रांगेची त्या पोराला काळजी होती, त्या रांगेत आता दर बुधवारी माझी आई आहे. एकटी तीच नाही. आमच्या इमारतीतली सहा पोरं समोरच्या शाळेत व्हॅनने जातात. अठरा मीटरसाठी.

हे पटत असेल तर पुढचं थोडक्यात सांगतो, कारण उपाय तुमच्याच पुस्तकांत आहेत.

फुटपाथ घ्या. पदपथांसाठीच्या आयआरसी १०३ च्या २०१२ च्या आवृत्तीत लिहिलंय: चालण्यासाठी मोकळी रुंदी किमान १.८ मीटर, उंची १५० मिलिमीटरच्या वर नको. आमच्या चौकातली उंची मी मोजली, २८० भरली. घरातल्या दोन पायऱ्या एका दमात चढाव्यात तशी. का, तर दुचाक्या चढू नयेत म्हणून. आणि दुचाक्या? त्या दर बंगल्याच्या फाटकापाशी केलेल्या उतारावरून निवांत चढतात, चाळीस मीटर फुटपाथवरून जातात आणि पुढच्या फाटकापाशी उतरतात. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली म्हणतात ते हेच. दर फाटकाला चढ-उतार, मधे विजेची डीपी, चेंबरचं उखडलेलं झाकण, केबल टाकून अर्धवट बुजवलेला चर. माणूस दहाव्या मिनिटाला कंटाळून रस्त्यावर उतरतो आणि मग हॉर्न देणारा ओरडतो, ‘‘फुटपाथ कशाला दिलाय?’’

इथे पथारीवाल्यांचं नाव निघतं, म्हणून एक गोष्ट सांगून टाकतो. ती तुम्हाला आवडणार नाही. आमच्या कोपऱ्यावर एक भाजीवाल्या मावशी बसतात. त्यांनी फुटपाथची चार फूट जागा घेतलीय हे खरं. पण रात्री साडेनऊला माझी मुलगी क्लासहून त्या बाजूने येते, कारण मावशींचा दिवा असतो. जिथे त्यांना उठवून फुटपाथ ‘मोकळा’ केला त्या बाजूने ती येत नाही. फुटपाथ रुंद असेल तर दोघंही मावतात. अरुंद ठेवायचा आणि मग त्यावरच्या सगळ्यात गरीब माणसाला दोष द्यायचा, हा हिशोब मला जमत नाही.

पादचारी पुलाचं नाव तर काढूच नका. शहरात रस्त्यावरून पूल न्यायचा तर खाली ५.५ मीटर मोकळी उंची सोडावी लागते. १५० मिलिमीटरची एक पायरी धरली तर नुसती तेवढी उंची गाठायला ३७ पायऱ्या, वर स्लॅबची जाडी. दोन मजले चढून दोन मजले उतरायचं, कोथिंबीर आणायला. मुंबई महानगरात २००८ पासून स्कायवॉक उभे राहिले. स्टेशनातून बाहेर पडणाऱ्या लोंढ्याला काही ठिकाणी त्यांचा उपयोग झाला, ते नाकारत नाही. पण पूल हा रस्ता ओलांडण्याचा उपाय नव्हेच. माणसाला गाडीच्या वाटेतून उचलून बाजूला ठेवायचा तो उपाय आहे. वर जायचंच असेल तर गाड्यांनी जावं, इंजिन त्यांना आहे.

जमतं हे आपल्याला, हे विशेष. पुण्याचा जंगली महाराज रस्ता अनेक वर्षं खड्डे न पडण्यासाठी प्रसिद्ध होता. गेल्या दशकात त्याचे फुटपाथ रुंद केले, बाकं टाकली, झाडं होती तशी ठेवून त्यांच्याभोवती वाट काढली. संध्याकाळी तिथे म्हातारी माणसं नुसती बसलेली दिसतात. रस्त्यावर बसलेला म्हातारा हा रस्ता चांगला असल्याचा माझा दाखला. तुमच्या लेव्हल-ऑफ-सर्व्हिसपेक्षा, म्हणजे रस्ता किती सुरळीत वाहतो त्याच्या श्रेणीपेक्षा, मी त्यावर जास्त विश्वास ठेवतो. त्याच पुण्याने २०१६ साली पादचाऱ्यांसाठी धोरण मंजूर केलं आणि २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन सुरू केला. लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा त्या दिवशी गाड्यांना बंद. बरं वाटतं. पण मला पोळा आठवतो. बैलाची शिंगं रंगवायची, पाठीवर झूल घालायची, पुरणपोळी चारायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा औताला जुंपायचं. (बैलाला निदान ८ चा फॅक्टर आहे.) एरवी बिनगाडीचं चालायची हौस फारच आली तर आपण माथेरानला जातो, खोलीचं भाडं देऊन.

कायद्याचं फार सांगत नाही. १४ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान ह्यांच्या पीठाने सांगितलं की चालण्याजोगा, अडथळे नसलेला पदपथ हा घटनेच्या २१ व्या कलमाखालचा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भाग आहे. त्याआधी २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम आलं: रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल निकषांप्रमाणे न झाल्यामुळे कोणी मेलं वा अपंग झालं तर ती यंत्रणा, ठेकेदार, सल्लागार ह्यांना दंड. जास्तीत जास्त १ लाख रुपये. आणि २०२३ साली देशात रस्त्यांवर मेलेल्या पावणेदोन लाखांच्या आसपास माणसांत ३५ हजारांहून जास्त पायी चालणारी होती. दिवसाला शंभरच्या जवळपास. राष्ट्रीय महामार्गावरची जागा ब्लॅक स्पॉट, म्हणजे अपघातांची धोकादायक जागा, ठरायला ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर जखमांचे ५ अपघात लागतात, किंवा १० मृत्यू. तिथे मात्र माणूस अगदी नीट मोजला जातो. रकाना आहे, फॅक्टर आहे, सगळं आहे. फक्त तो तेव्हा चालत नसतो.

आता मागणं. नवा रस्ता नको, पूल नको, निविदाही नको. आमच्या चौकात पादचाऱ्यांचा हिरवा २६ सेकंदांचा करा. तो हिरवा असताना डावीकडचं वळणही लाल ठेवा. डाव्या कोपऱ्याची वळणाची त्रिज्या ट्रक आरामात वळावा एवढी मोठी ठेवलीय, म्हणून मोटारसायकली तिथे वेग कमी न करताच वळतात. तो कोपरा रंगाचे पट्टे मारून नि रबरी खांब लावून आत घ्या, वेगही पडेल आणि ओलांडायचं अंतरही दोन-तीन मीटरने घटेल. दुभाजकातली फट दोन मीटर रुंद करा, तिथे कण्हेर नको, धरायला दांडी द्या. एका रात्रीत होणारं काम आहे, मी नकाशा काढून देतो, फी नको. रांग पेट्रोल पंपापुढे गेली तर जाऊ दे. गाडीतला माणूस बसलेला असतो, बहुतेकदा एसीत, आणि त्याचा गुडघाही दुखत नसतो.

आणि एकदा मोजायला या. टॅब घेऊन नव्हे, साध्या तक्त्यावर. बुधवारी संध्याकाळी साडेपाच ते साडेसात. ओलांडणारे मोजा, काठावर येऊन, दोन फेरे थांबून परत फिरणारेही मोजा, रिक्षाला हात करून समोरच्या देवळात जाणारेही मोजा. तक्ता मी छापून ठेवलाय. १९९६ चाच नमुना, फक्त शेवटच्या रकान्यावर पट्टी चिकटवून ‘माणूस’ लिहिलंय. बैलगाडी तशीही आमच्या चौकातून गेल्या सात वर्षांत एकदाच गेली, तीही एका लग्नाच्या वरातीत, डीजेच्या मागे.

खुर्ची मी आणतो. चहा आई पाठवणार आहे, पण तो आमच्या बाजूच्या फुटपाथवरच घ्यावा लागेल. पलीकडे बसलात तर तो रिक्षाने येईल.

आपला,
एक आराखडेवाला
(जुन्या जकात नाक्याजवळ, अलीकडची बाजू)